गोजरबाईचा पदर आणि द्वारकेचा दम

वाटूरच्या फाट्यावर उभं राहून गोजरबाईनं हाक मारली, की नाल्यापलीकडच्या शिवारात औत हाणणारा तिचा नवरा बैल थांबवायचा. बाई अंगानं बुटकी, रंगानं उलथ्या तव्यासारखी, आणि आवाज मात्र असा, की बाजारात तिनं नुसता वांग्याचा भाव विचारला तरी माळीण दचकून कमी करायची. दातांना सदा मिसरी. चालायला लागली की वाटावं, हिच्या मागं कुणी लागलंय.

नवऱ्याचं नाव कारभारी. नावाचाच कारभारी. तो 'हूं' म्हणायचा आणि बाकीचं सगळं गोजरबाई म्हणायची. दोन पोरं तिनं वाढवून हाताशी आणली, सासू-सासऱ्याचं सगळं अंथरुणात केलं, म्हशीचं अडलेलं रेडकू स्वतःच्या हातानं ओढून काढलं. यातलं काही तिला कुणाला सांगावंसं वाटलं नाही. पण एका कामासाठी मात्र गावोगाव तिचं नाव होतं, आणि ते काम तिनं मागून घेतलेलं नव्हतं. अंगात आलेल्या बाईला भानावर आणायचं.

त्याची सुरुवात झाली ती तिच्या धाकट्या जावेपासून.

द्वारका लग्न होऊन घरात आली ती पोलिस ॲक्शनीच्या पुढच्या उन्हाळ्यात. भुजंगची, म्हणजे गोजरबाईच्या धाकट्या दिराची, बायको. बायको कसली, परकर घालायच्या वयाचं पोर. डोक्यात उवा, हाताला भाकरीची सवय नाही, आणि आईची आठवण आली की चुलीपुढं बसून मुळूमुळू रडणं. गोजरबाईनं तिच्या केसांना रॉकेल चोळून उवा मारल्या. भाकरी थापायला शिकवली. रडायला लागली की म्हणायची, "रड, रड. तेवढंच पिठात मीठ कमी टाकावं लागंल." द्वारका रडता रडता हसायची. हसता हसता तिची भाकरी करपायची. मग गोजरबाईचं तोंड सुटायचं ते दिवस मावळेपर्यंत.

पोर मोठी झाली तशी तोंडाला तोंड द्यायला शिकली. कालवणात तिखट किती, शेण कुणी काढायचं, म्हैस आधी कुणी सोडली, कशावरूनही त्या दोघींची जुंपायची. शेजारची नंदाबाई म्हणायची, "तुमच्या घरात कोंबडं पाळायची गरजच न्हाई बाई, तुम्हीच उठवता गावाला." पण द्वारका माहेरी गेली की गोजरबाईला जेवण जात नसे, आणि द्वारका माहेराहून ठरलेल्या दिवसाच्या आधीच परत येई. हे दोघींनाही माहीत होतं. बोलून कुणी दाखवलं नाही.

एका नवरात्रात गावच्या देवीपुढं बाया बसल्या होत्या. संबळ वाजत होता. द्वारका मागच्या ओळीत. अचानक तिनं केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली. पुढं मागं, पुढं मागं, आणि नाकातोंडातून मोठाले श्वास, हूं हूं हूं हूं, भात्यासारखे. बाया हात जोडून बाजूला झाल्या. कुणी हळद लावली, कुणी गाऱ्हाणं घातलं. गोजरबाईला त्यातलं काहीच दिसलं नाही. तिला एवढंच दिसलं, की पोरीचा पदर ढळलाय आणि समोर सारे बाप्ये बसलेत. ती उठली, द्वारकेपुढं जाऊन बसली, आणि आपला स्वतःचा पदर सोडून तिच्या आणि आपल्या, दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतला. लाजेपायी, दुसरं काही नाही.

आत अंधार आणि ऊब. द्वारकेचा श्वास गोजरबाईच्या तोंडावर येत होता. हात हातात घेतला तर बोटं ताठ, अंगठा तळव्यात वळलेला, मनगट वाकलेलं. "आक्का, ओठाला मुंग्या येऊन राह्यल्या," द्वारका कशीबशी म्हणाली. "येऊ दे," गोजरबाई म्हणाली, "माझ्यासंगं श्वास घे. हळू. कुठं जायचंय आपल्याला?" आणि तिनं स्वतः संथ श्वास घ्यायला सुरुवात केली, म्हैस रवंथ करताना घेते तसा. पदराआडची हवा दोघींचीच, तीच आत, तीच बाहेर. हळूहळू द्वारकेचा दम तिच्या दमाच्या पावलावर आला. बोटं सुटली. अंगठा बाहेर आला. पदर काढला तेव्हा द्वारका घामानं निथळून शांत बसली होती आणि लाजत होती.

बस्स. तेव्हापासून कुणाच्या अंगात आलं आणि उतरेना, की गोजरबाईला बोलावणं यायचं. पार आष्टीकडूनसुद्धा एकदा गाडी आली होती. ती जायची, पदरात घ्यायची, संथ श्वास घ्यायची. कुणी पाया पडलं तर पाय मागं घ्यायची. "देवी येती का न्हाई, ते देवीला ठावं," ती म्हणायची. "मी आपली उन्हातल्या लेकराला सावलीत आणते."

द्वारकेच्या अंगात दर नवरात्रात यायचं. अष्टमी आली की गोजरबाई आधीच धुतलेलं लुगडं नेसून तयार.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षीही अष्टमीला द्वारका घुमली आणि गोजरबाईनं तिला उतरवलं. दसरा झाला. सोनं वाटून झालं. आणि त्यानंतर द्वारकेला हगवण लागली.

आडाचं पाणी त्या वर्षी गढूळ होतं, गावात आणखी दोघाचौघांना लागलं होतं, पण ते बरे झाले. द्वारकेची थांबेना. आधी पातळ, मग नुसतं पाणी. तांब्या घेऊन परसात जायची, परत यायची, बसते न बसते तोच पुन्हा उठायची. दुसऱ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत तिला भिंत धरून चालावं लागायला लागलं. नंदाबाईनं सांगितलं, "पाणी बिलकुल देऊ नका. वरून घालाल तेवढं खालून जाईल." घरात सगळ्यांना ते पटलं. द्वारका पाणी मागायची आणि गोजरबाई पदराचं टोक भिजवून तिचे ओठ पुसायची.

सकाळी द्वारकेला उठवत नव्हतं. डोळे खोल गेले होते, गालफडं बसली होती. आणि दम लागला होता. साधा धापेचा दम नव्हे. नुसती पडलेली असून मोठाले, खोल, पोटापासून ओढलेले श्वास. न थांबता. दळण दळणाऱ्या बाईसारखे.

नंदाबाई दारातूनच ओरडली. "आगं बया! देवी आली! उपास मोडताना पोरीनं काहीतरी चुकवलं आसंल. म्हणून कोपून राह्यली माय."

भुजंग उंबऱ्यावर बसला होता. "वैनी," तो म्हणाला, "तुम्हीच आता बसा तिच्यापुढं. तुमच्यानंच उतरती ती."

गोजरबाईनं विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही तिला वाटलंच नाही. तोच दम, तीच द्वारका, आणि नवरात्र आताच तर सरलेलं. तिनं जावेचं डोकं मांडीवर घेतलं, वाकली, आणि पदर दोघींवरून ओढून घेतला.

"हळू घे माय. माझ्यासंगं घे."

द्वारकेनं हात उचलला आणि पदर बाजूला सारला.

असं कधी झालं नव्हतं. गोजरबाईनं पुन्हा पदर ओढला. आत पुन्हा अंधार आणि ऊब. ती संथ श्वास घ्यायला लागली. द्वारकेचा दम काही खाली येईना. उलट आणखी खोल, आणखी घाईचा. छाती भात्यासारखी वरखाली. "आक्का," तिच्या घशातून आलं, "गुदमरतंय."

बाहेरून नंदाबाई. "धर, सोडू नको गोजरे! उतरत आली आता!"

गोजरबाईनं सवयीनं द्वारकेचा हात चाचपला. बोटं ताठ नव्हती. अंगठा वळलेला नव्हता. हात ओल्या चिंधीसारखा तिच्या तळव्यात पडला. आणि हातावरची कातडी चिमटीत आली ती तशीच उभी राहिली, पीठ मळून बोटानं वर ओढावं तशी.

तिनं पदर फेकून दिला. द्वारकेनं तोंड उघडून हवा ओढली. ओठ निळसर झाले होते.

"ही देवी न्हाई," गोजरबाई म्हणाली.

"आसं बोलू नये बाई."

"देवी आल्ती तवा ही चौघींना आवरत नव्हती. अंगात कुणी आलं तर बळ येतं का जातं? ही पोर मरून राह्यली नंदे, आन् मी वरून तिचं तोंड दाबून राह्यले!" ती भुजंगकडं वळली. "भावजी, बाज उचला. जालन्याला न्यायची."

"जालन्याला? कशानं?"

याचं उत्तर कारभारीनं दिलं, आणि न बोलता दिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, तो उठला आणि फाट्याकडं चालायला लागला. ही मंडळी बाज घेऊन पोचली तेव्हा हा गडी सडकेच्या मधोमध उभा, आणि त्याच्या पुढ्यात सरकीची पोती भरलेला एक ट्रक भोंगा वाजवून वाजवून थकलेला. ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता. कारभारी 'हूं' म्हणत होता.

ड्रायव्हरनं बाजेकडं पाहिलं आणि शिव्या थांबवल्या. "अम्मा," तो गोजरबाईला म्हणाला, "रस्ते में कुछ हो गया तो मेरे को नक्को बोलना."

"काय नहीं होता! तू जल्दी चला! आन् खड्डे देखके चला, तेरे बाप का गाडी है क्या!"

गोजरबाई जन्मात पहिल्यांदा ट्रकात बसली. पोत्यांवर द्वारकेला निजवलं, डोकं आपल्या मांडीवर. सगळी वाट ती त्या श्वासांकडं बघत होती. प्रत्येक खड्ड्याला पोर उसळत होती, पण दम एकसारखा. द्वारकेनं पाणी मागितलं. गोजरबाईनं भुजंगकडं पाहिलं, मग नंदाबाई आठवली, मग म्हणाली, "खड्ड्यात गेली नंदी," आणि ड्रायव्हरच्या छागळीतलं पाणी घोट घोट पाजलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरचं नाव नरहर. लोक नरहर डॉक्टर म्हणायचे. काटकुळा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि रोग्यापेक्षा रोग्याच्या माणसांवर ओरडणारा. त्यानं द्वारकेच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली, आणि मग काहीच न करता तिच्या श्वासाकडं बघत उभा राहिला.

"हगवण किती दिवस?"

भुजंग सांगायला लागला.

"लघवी कधी झाली?"

भुजंगनं गोजरबाईकडं पाहिलं. गोजरबाई म्हणाली, "कालच्या सकाळपासून न्हाई, डॉक्टरसाब."

"आणि हा श्वास?"

"आज उजाडल्यापासून." आणि तिला लपवता येईना. "मी तिच्या तोंडावर पदर घातला. अंगात आलं म्हणून. आमच्यात तसं करतात. म्हणजे मी करते."

नरहर डॉक्टरचा चष्मा तिच्याकडं वळला. "पदर घातला? श्वास कोंडायला? बाई, ती तेवढ्या एका श्वासावर जगत होती, आणि तुम्ही तोच बंद करायला निघालात!" त्याचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. गोजरबाईला आयुष्यात आपल्याहून मोठा आवाज भेटला नव्हता. ती खाली बघत उभी राहिली.

मग डॉक्टर कामाला लागला. हाताच्या शिरा सापडेनात, इतकं पोरीचं अंग आटलं होतं. त्यानं घोट्यापाशी कातडी चिरून शीर उघडी केली, तिच्यात सुई बसवली, आणि खिळ्याला काचेची बाटली टांगली. बाटलीत मिठाचं पाणी. त्यात सोड्याचं पाणी मिसळलेलं. थेंब थेंब ते द्वारकेच्या पायात उतरायला लागलं.

गोजरबाई बघत होती. द्वारकेचा दम तसाच चालू.

"डॉक्टरसाब," ती म्हणाली, "आधी दम थांबायचं औषध द्या ना. थकून जाईल पोर."

"दमाला हात लावायचा नाही."

"का?"

नर्सबाईनं तिला डोळ्यांनी दटावलं. पण डॉक्टर खुर्ची ओढून बसला. पहिली बाटली संपेपर्यंत त्याला तिथं बसावंच लागणार होतं, आणि ओरडून झाल्यावर हा माणूस बराच मऊ व्हायचा.

"पापड लाटता का?"

"लाटते की."

"पापडखार कमी पडला तर?"

"पापड फुलत न्हाई."

"आणि जास्त पडला तर?"

"लाल पडतो. कडू लागतो. डुकरं बी खात न्हाईत."

"तसंच रक्ताचं. माणसाच्या रक्तात थोडासा खार लागतो. अगदी थोडा, पण तेवढाच. कमी चालत नाही, जास्त चालत नाही. आता आपलं अंग काय करतं? काम करतं, अन्न जाळतं, आणि त्यातून दिवसभर आंबट तयार होतं. जिवंत आहे तोवर होतच राहतं. ते आंबट रक्तात साठलं तर माणूस जगत नाही. मग ते जातं कुठं?"

"कुठं?"

"ताकात सोडा टाकला तर काय होतं?"

"फसफसतं."

"तो फेस म्हणजे हवा. रक्तातही तेच होतं. आंबट आलं की रक्तातला खार त्याला धरतो आणि त्याची हवा होते. फेस मात्र दिसत नाही. ती हवा रक्ताबरोबर फुफ्फुसात येते आणि श्वासातून बाहेर पडते. आंबट वाढलं की डोक्यातून हुकूम सुटतो, जोरात श्वास घे, बाहेर टाक. माणूस स्वतः घेत नाही, अंग घेतं. हा एक दरवाजा. दुसरा दरवाजा कमरेत. बकऱ्याचे गुरदे पाहिलेत?"

"खाल्लेत बी."

डॉक्टरच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तर तसेच गुरदे आपल्यात आहेत. ते आंबट लघवीतून बाहेर टाकतात आणि खार राखून रक्ताला परत देतात. फुफ्फुसाचं काम घडीभराचं, गुरद्याचं काम दिवसांचं. पण पक्कं. आता तुमच्या जावेचं बघा. हगवणीतून नुसतं पाणी जात नाही. खारही जातो. दोन दिवस ती खार सांडत होती. अंगातलं पाणी आटलं, तशी लघवी बंद पडली, म्हणजे दुसरा दरवाजा बंद. मग दरवाजे राहिले किती? एकच. आंबट वाढत होतं आणि ही एकटी छातीनं ते बाहेर उपसत होती. तो दम म्हणजे रोग नव्हता, बाई. रोगाशी चाललेली मारामारी होती ती."

गोजरबाईनं द्वारकेच्या वरखाली होणाऱ्या छातीकडं पाहिलं.

"मंग देवी येती तवा?" ती शेवटी म्हणाली. "तवा बी असाच दम लागतो. तवा पदर घातला की बोटं सुटतात. शपथ घेते. मी खोटं बोलून राह्यले का?"

"नाही. तिथं तुमचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला. "तिथं उलटं होतं. अंगात आंबट काही वाढलेलं नसतं, आणि बाई नुसतीच भसाभस श्वास टाकते. जी हवा थोडी आत राहायला हवी, तीही बाहेर जाते. रक्तात खार चढतो. ओठाला मुंग्या, बोटं वाकडी. पदराच्या आत तिनं टाकलेली हवा तीच परत घेते, आणि रक्त जागेवर येतं. म्हणून उतरते."

"म्हणजे तिथं पदर औषध, आन् हितं पदर…"

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. डॉक्टर म्हणाला, "मग पदर काढलात कशानं?"

"बोटं ढिली होती तिची."

डॉक्टरनं मान हलवली, पहिली बाटली संपली ती काढली, दुसरी लावली आणि दुसऱ्या रोग्याकडं गेला. तिथं जाऊन त्याच्या मेहुण्यावर ओरडला.

भुजंगला आत थांबू देत नव्हते. तो आणि कारभारी आवारातल्या लिंबाखाली बसले होते. आत गोजरबाई एकटी. बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरत होतं. तिनं द्वारकेचा तळवा आपल्या हातात धरून ठेवला आणि श्वासांवर नजर लावली. आता तिला त्या दमाचा राग येत नव्हता. उपस माय, ती मनात म्हणत होती. उपस. थकू नको. कडब्याच्या गंजीला आग लागल्यावर लोक घागरीवर घागर ओततात, तसं पोर एकटीच आतल्या आत करतेय, आणि आपण चांगलं पाणी ओतायचं सोडून दार लावून घेत होतो. मग तिला वाटलं, ही जगली तर पुन्हा भाकरीवरून बोलणार नाही हिला. मग वाटलं, ते काही जमायचं नाही. शेणावरून बोलणार नाही. एवढं जमेल.

उन्हं कलली. वॉर्डाच्या जाळीतून तिरपी उन्हं द्वारकेच्या पायावर आली. आणि गोजरबाईच्या ध्यानात आलं, की दम कमी झालाय.

आधी तिला भास वाटला. ती वाकली. छाती वरखाली होत होती, पण पहिल्यासारखी खोल नाही. घाई नाही. एक श्वास गेला आणि दुसरा यायला वेळ लागला. पोर डोळे मिटून गपगार पडलेली.

सकाळी हेच व्हावं म्हणून ती जिवाच्या आकांतानं पदर ओढत होती. आता तेच होत होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, ही त्या दमावर जगतेय. दम संपला म्हणजे…

"डॉक्टरसाब!" ती ओरडली. वाटूरच्या फाट्यावरची ती हाक. वॉर्डातले रोगी उठून बसले. एका म्हाताऱ्याच्या हातातला चहाचा कप सांडला. "डॉक्टरसाब, पोरगी थकली! दम सोडून राह्यली!"

नरहर डॉक्टर धावत आला. त्यानं नाडी धरली. घड्याळाकडं पाहिलं. डोळ्याची पापणी वर केली, तेव्हा द्वारकेनं ती झटक्यानं खाली ओढून घेतली.

"आक्का," ती म्हणाली. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. "ओरडू नका ना. लोक बघतेत."

गोजरबाई खाली फरशीवर बसली.

"थकली नाही ती," डॉक्टर म्हणाला. "खार पोचला तिला. आता उपसायचं काम कमी झालं, म्हणून अंगानं आपणहून दम हळू केला. कुणी पदर न घालता." मग लगेच बोट वर केलं. "पण एवढ्यात हसू नका. फुफ्फुसानं दिवस निभावला. गुरदे सुरू झाले का, ते अजून कळलं नाही. लघवी होईपर्यंत मी काही सांगणार नाही. झाली, की मला सांगायचं. थेंबभर झाली तरी सांगायचं."

आता दुसरीच वाट बघणं सुरू झालं. तिसरी बाटली लागली. द्वारकेला घोट घोट पाणी प्यायला मिळालं. ती प्यायली, झोपली, जागी झाली. आणि दर वेळी डोळे उघडले की समोर गोजरबाईचं तोंड.

"आली का?"

"न्हाई."

थोड्या वेळानं, "आली का ग?"

"आक्का, तुम्ही आसं विचारत बसल्यावर येती व्हय ती?"

"मंग काय करू? नाचू?"

"तिकडं बघा."

गोजरबाईनं तिकडं बघितलं. तिकडं चहा सांडलेला म्हातारा होता. तो म्हणाला, "काय बाई, काय खबर?" गोजरबाईनं त्याला तिकडं बघायला सांगितलं.

दिवे लागायच्या आधी द्वारकेनं तिचं लुगडं ओढलं. काही बोलली नाही. मान खाली आणि तोंड लाल. त्या आटलेल्या तोंडावर लाली आली, हेच गोजरबाईनं आधी पाहिलं. मग तिला समजलं. नर्सबाईनं भांडं आणलं, पडदा ओढला. भांड्यात फार नव्हतं. गडद, थोडंसं. पण होतं.

नर्सबाई ते डॉक्टरला दाखवायला घेऊन गेली. डॉक्टरनं दुरूनच पाहिलं, चष्मा काढून डोळे चोळले, आणि पहिल्यांदाच न ओरडता म्हणाला, "सुटली."

गोजरबाई वॉर्डातून निघाली. धावली नाही, पण चालली ती तिच्या त्या चालीनं, मागं कुणी लागल्यासारखी. दारात उभी राहिली. आवारात रोग्यांची माणसं स्वैपाक करत होती, तीन दगडांच्या चुली धुपत होत्या. पलीकडं सडकेनं लोक मोंढ्यातून बाजार करून घरी चालले होते. लिंबाखाली भुजंग गुडघ्यात डोकं घालून बसलेला. कारभारी त्याच्या शेजारी.

"भावजी!" गोजरबाईनं हाक मारली. "आवो भावजी! द्वारकी मुतली!"

साऱ्या आवारानं माना वळवल्या. सडकेवरचा एक सायकलवाला खाली उतरला. भुजंग उठून उभा राहिला, त्याला हसावं का रडावं ते कळेना, आणि दोन्ही एकदमच झालं. कारभारी तोंडात तंबाखू टाकता टाकता थांबला.

"हूं?" तो म्हणाला.

"हूं काय? बक्कळ मुतली!"

हे बक्कळ मात्र तिनं पदरचं घातलं.

द्वारका दवाखान्यात आणखी काही दिवस राहिली. मीठ-साखरेचं पाणी, मग भाताची पेज, मग मऊ भात. अंगात ताकद आली तसं तिचं बोलणं वाढायला हवं होतं, पण गोजरबाईशी ती बोलेना. नर्सबाईशी बोलायची, चहा सांडलेल्या म्हाताऱ्याशी बोलायची. गोजरबाईनं पेज पुढं केली की घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून प्यायची. गोजरबाईला वाटलं, पदराचं मनात धरून बसली पोर. धरावंच. आपण तिचा जीव घ्यायला निघालो होतो, ते कुणी कसं विसरावं? तिनं काही विचारलं नाही. पेज गार करून देत राहिली.

परत निघाल्या त्या सरकारी मोटारीनं. द्वारका खिडकीशी, गोजरबाई शेजारी, भुजंग आणि कारभारी मागं. जालना मागं पडलं, रामनगर गेलं, कपाशीची शेतं सुरू झाली, आणि द्वारका खिडकीबाहेर बघत गप्प. वाटूरचा फाटा दिसायला लागला तेव्हा गोजरबाईला राहवेना.

"द्वारके," ती म्हणाली, खाली बघत, तिच्या मानानं अगदी हळू. "त्या दिवशी पदर घातला मी. मला समजलं न्हाई. तुला काय बोलायचं ते बोल. शिव्या दे पाहिजे तर."

द्वारकेनं मान वळवली. तिला काही क्षण कळलंच नाही, की ही कशाबद्दल बोलतेय.

"पदराचं काय आक्का? तुम्ही घातला, तुम्हीच काढला. तुमच्या जागी नंदाबाई आसती तर मी आज कुठं आस्ते?" आणि मग तिचा आवाज चढायला लागला, गोजरबाईनंच शिकवलेला आवाज. "पण साऱ्या जालन्यात ओरडून सांगायची काय गरज होती? म्हणं मुतली! तो चहा सांडलेला म्हातारा रोज सकाळी मला विचारायचा, आज कसं काय बाई, बराबर हाय ना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! आसं सांगतेत का कुणी? पेढे वाटतेत आनंद झाला तर!"

मोटारीतली माणसं ऐकत होती. गोजरबाईनं मिसरीचं बोट दातावरून फिरवलं, खिडकीबाहेर थुंकली, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा तिला तिचं स्वतःचं तोंड परत सापडलं.

"त्या घडीला पेढे कुठून आणू म्या?" ती म्हणाली. "तोंड होतं जवळ, ते वापरलं."